मेसेजचा रावी कोण?

27 नोव्हेंबर 2018 ला राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना लस द्यायची होती, बहुतेकांना शाळेतच. आमच्याकडे लसीचा दिवस उजाडला आणि माझ्या वर्गातल्या पाच मुली आल्याच नाहीत. "या सुईनं मुलींना पुढे मूल होत नाही," असा उर्दू ऑडिओ घरोघर पोचला होता.

इटियाडोहच्या या भागात आमची घरं मोजकी. नेटवर्कसाठी मोबाईल घेऊन अंगणात फिरावं लागतं, पण अफवा कधी अडत नाही. तो ऑडिओ आमच्या खानदानाच्या ग्रुपवरही आला होता. टाकला होता चाचांनी. खोटं आहे हे मला कळत होतं, तरी मी गप्प बसले. वडीलधाऱ्यांना सगळ्यांसमोर खोडून कसं काढायचं?

खरं तर गोष्ट अगदी उलटी आहे. गरोदरपणात रुबेला झाला तर पोटातलं बाळ बहिरं होऊ शकतं, त्याला मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष होऊ शकतो. म्हणजे ही लस मुलीचं उद्याचं आईपणच सांभाळते. एवढं एक वाक्य मी त्या रात्री ग्रुपवर लिहायला हवं होतं.

2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, लहान मुलं गेली. भिवंडी, मालेगावातही रुग्ण सापडले. सगळा दोष अफवांचा नव्हता. कोरोनाच्या काळात लसी राहून गेल्या होत्या, दाटीवाटीच्या वस्त्याही होत्या. पण त्या बातम्या वाचताना मला माझ्या वर्गातली ती पाच रिकामी जागा आठवत होती.

आपल्याकडे हदीस सांगणाऱ्याला पहिला प्रश्न असतो, रावी कोण? त्यानं कुणाकडून ऐकलं? एक कडी कच्ची निघाली तर रिवायत बाजूला ठेवतात. आणि मोबाईलवरचा बिननावाचा "डॉक्टर" मात्र आपण न विचारता पुढे पाठवतो! हे मला कधीच उमगलं नाही.

अर्थात विचारणाऱ्याला जाहिल म्हणून हिणवणंही चूक. लशीत जिलेटिन असतं, ते चालतं का, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही आहे. 1995 मध्ये कुवेतला उलेमा आणि डॉक्टर एकत्र बसले होते. मूळ पदार्थ पूर्ण बदलून जिलेटिन झालं की ते पाक, असा निर्णय त्यांनी दिला. हे उर्दूत, आपल्या माणसाच्या तोंडून सांगितलं तर पटतं. सरकारी पत्रक कितीही बरोबर असलं तरी ते परकंच वाटतं. प्लेगच्या काळात मुंबईत लोक हाफकिनच्या लसीला घाबरत होते, तेव्हा तरुण आगाखानांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतलं आणि ती बातमी आपल्या लोकांत मुद्दाम पसरवली.

आता मी चाचांना ग्रुपवर उत्तर देत नाही, थेट फोन करते. सलाम, तब्येत, मग विषय. मागच्या खेपेला ते अर्धा मिनिट गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, वो मेसेज अब मिटता कैसे है?" मिटवायची वेळ निघून गेली होती. मग त्यांनीच स्वतःच्या आवाजात दुसरा ऑडिओ करून टाकला.