तीनची रेषा आणि जुहूच्या रणदिवेंचा संघ: सॅक्रामेंटो किंग्जचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

26 डिसेंबर 2024. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहरात एनबीएची मॅच सुरू होती. घरचा संघ सॅक्रामेंटो किंग्ज, समोर डेट्रॉईट पिस्टन्स. मॅच संपायला काही सेकंद उरलेले आणि किंग्ज 113-110 ने पुढे. म्हणजे पिस्टन्सला वाचायचं असेल तर एकच मार्ग होता, तीनच्या रेषेबाहेरून शॉट. हे कोर्टवरच्या दहाही खेळाडूंना माहीत होतं आणि स्टेडियममधल्या प्रत्येक प्रेक्षकालाही.

तरीही पिस्टन्सच्या जेडन आयव्हीने रेषेबाहेरून शॉट मारला आणि तो गेला. वर त्याला अडवायला धावलेल्या डीॲरन फॉक्सने फाऊल केला. तीन पॉइंट मिळाले, सोबत एक फ्री थ्रो मिळाला, आयव्हीने तोही घातला. स्कोअर 114-113. किंग्जचा हा सलग पाचवा पराभव. दुसऱ्या दिवशी कोच माईक ब्राऊन यांची नोकरी गेली. दीड महिन्याच्या आत फॉक्सही संघाबाहेर पडला.

आता सॅक्रामेंटोत कोण हरलं याचं अंधेरी-बोरिवलीच्या पोरांना काय पडलंय? तर या संघाचा मालक आपल्या जुहूचा आहे. आणि दुसरं, तीनची रेषा सांभाळायला किंग्जला जे जड जातं तेच आपल्या कोर्टवर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांनाही जड जातं.

जुहूचा मुलगा एनबीएत पोचला कसा?

विवेक रणदिवे यांचा जन्म 1957 चा. लहानपण जुहूत गेलं. सोळाव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, पण त्या काळी परदेशी चलन मिळवणं हेच मोठं दिव्य होतं. त्यासाठी ते रिझर्व्ह बँकेच्या दारात ठाण मांडून बसले होते. पुढे सिलिकॉन व्हॅलीत त्यांनी टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी उभी केली. 2010 मध्ये ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहमालक झाले. 2013 मध्ये तो हिस्सा सोडून त्यांच्या गटाने सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतला. एनबीए संघाची मुख्य मालकी मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिलेच.

ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएची भारतातली पहिली मॅच वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाली. इंडियाना पेसर्ससमोर रणदिवेंचा किंग्ज होता. ओव्हरटाइमपर्यंत गेलेली ती मॅच किंग्ज 132-131 अशी एका पॉइंटने हरला.

यातली गंमत म्हणजे बास्केटबॉलच्या जगात रणदिवेंचं नाव आधी गाजलं ते डिफेन्समुळेच. स्वतः कधी न खेळलेल्या या माणसाने आपल्या मुलीच्या शाळकरी टीमचं कोचिंग घेतलं. टीममध्ये फार उंच मुली नव्हत्या, चांगल्या शूटरही नव्हत्या. म्हणून त्यांनी मुलींना पूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जायला शिकवलं, ज्याला फुल कोर्ट प्रेस म्हणतात. ही टीम थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये ही गोष्ट लिहिली आणि ती जगभर वाचली गेली.

पण बारा वर्षांच्या मुली प्रेसखाली गडबडतात, एनबीएचे गार्ड गडबडत नाहीत. दोन पासमध्ये ते प्रेस फोडतात आणि पुढे रिकामं कोर्ट मिळतं. त्यामुळे या पातळीवर डिफेन्स करायचा तर दुसरं काहीतरी लागतं.

आधी रेषेचं गणित समजून घेऊ

एनबीएने तीनची रेषा 1979-80 च्या मोसमात आणली. तेव्हा एक संघ एका मॅचमध्ये सरासरी तीनसुद्धा शॉट रेषेबाहेरून मारत नव्हता. 2024-25 मध्ये हा आकडा 37 च्या वर गेला होता.

कारण सरळ आहे. रेषेच्या आतून 100 शॉट मारले आणि 50 गेले, तर 100 पॉइंट मिळतात. बाहेरून 100 मारले आणि फक्त 34 गेले, तरी 102 मिळतात. म्हणजे तीनातले दोन शॉट चुकवणारा खेळाडूही फायद्यात. हे गणित सगळ्यांनी मांडलं आणि खेळ बदलला.

डिफेन्सची पंचाईत अशी की एनबीएची रेषा बास्केटपासून 7.24 मीटरवर आहे, कोपऱ्यात साधारण 6.7 मीटरवर. पूर्वी पाच जणांनी बास्केटच्या आसपास गर्दी केली की भागायचं. आता समोरचे पाचही जण शूटर असतील, तर तुमच्या पाच जणांना बास्केटही राखायची आणि सात मीटर लांबची रेषाही. माणसं तेवढीच, जागा मात्र कितीतरी वाढली.

मग रेषेवरचा शॉट अडवायचा कसा?

आपल्याला टीव्हीवर शेवटचं दृश्य दिसतं. शूटर मोकळा आहे, डिफेंडर हात वर करून धावत येतोय आणि उशीर झालाय. मग आपण म्हणतो, अरे हा झोपला होता का?

बहुतेक वेळा तो झोपलेला नसतो. तो दुसऱ्याची चूक निस्तरायला गेलेला असतो.

झालेलं असतं असं. बॉल असलेला खेळाडू आपल्या डिफेंडरला मागे टाकून बास्केटकडे घुसतो. त्याला अडवायला दुसरा डिफेंडर स्वतःचा माणूस सोडून आत येतो. याला हेल्प म्हणतात. तो आत आला की त्याचा माणूस बाहेर मोकळा. तिथे पास जातो, पासला एक सेकंदही लागत नाही. आता तिसऱ्याने त्या मोकळ्या माणसाकडे धावायचं आणि चौथ्याने तिसऱ्याची जागा घ्यायची. यातला एकजण जरी अर्ध्या पावलाने चुकला, की कोपऱ्यात शूटर मोकळा सापडतो.

म्हणून तीनच्या रेषेचा डिफेन्स सुरू होतो तो दोन जागी. एक, बॉलवाल्याला सहज आत घुसू न देणारा गार्ड. दोन, बास्केटखाली असा उंच माणूस ज्याच्या भरवशावर बाकीचे आपापल्या शूटरला चिकटून राहू शकतात. हे दोन्ही नसतील तर शेवटच्या क्षणी कितीही धावलं तरी उपयोग नसतो. उलट अशा धावपळीतच फाऊल होतात, आणि तीनचा शॉट मारणाऱ्यावर फाऊल म्हणजे थेट तीन फ्री थ्रो.

किंग्जचं नेमकं कुठे बिनसलं?

2022-23 हा किंग्जचा सोन्याचा मोसम. 48 विजय, 34 पराभव. सलग 16 मोसम प्लेऑफबाहेर राहिलेला हा संघ, जो एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा दुष्काळ होता, तो अखेर आत आला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा लेझर सोडायची प्रथा याच मोसमात सुरू झाली. संघ मॅचला सरासरी 120.7 पॉइंट करत होता, लीगमध्ये सर्वाधिक.

पण समोरच्यांनाही तो मॅचला 118 च्या आसपास पॉइंट देत होता. फेब्रुवारी 2023 मध्ये क्लिपर्सविरुद्ध किंग्ज दोन ओव्हरटाइमनंतर 176-175 असा जिंकला. एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक पॉइंटच्या मॅचमध्ये तिचा दुसरा नंबर लागतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण 175 पॉइंट खाऊन जिंकण्याची युक्ती रोज चालत नाही. एप्रिलमध्ये प्लेऑफच्या सातव्या मॅचमध्ये वॉरियर्सच्या स्टीफन करीने किंग्जच्याच कोर्टवर 50 पॉइंट केले. सातव्या मॅचमधला तो तेव्हाचा एनबीएचा विक्रम ठरला आणि किंग्ज बाहेर गेला.

संघाचा सगळा खेळ सेंटर डोमंटस सबोनिसभोवती फिरत होता. तो 2022-23 पासून सलग तीन मोसम लीगमध्ये सरासरी सर्वाधिक रिबाऊंड घेणारा खेळाडू, पासिंगही अफलातून. मात्र बास्केटखाली समोरच्याचे शॉट उडवणारा तो नाही, त्याची ब्लॉकची सरासरी मॅचला एकाच्याही खाली असते. मग कुणी आत घुसलं की बाकीच्यांना मदतीला यावं लागतं आणि रेषा उघडी पडते. ज्या माणसामुळे हल्ला उत्तम चालतो, त्याच माणसामुळे डिफेन्सला दोन जास्त पावलं धावावं लागतं.

त्यावर उपाय म्हणून संघाने काय केलं? जुलै 2024 मध्ये डेमार डीरोझन आणला. फॉक्सला सोडताना झालेल्या अदलाबदलीत झॅक लव्हीन आला. दोघेही नाव कमावलेले, पण ते बास्केट करण्यासाठी. गळती डिफेन्सला होती, भर पडली हल्ल्यात.

यात नशिबाचा भाग किती?

इथे एक गोष्ट किंग्जच्या बाजूनेही सांगायला हवी.

16 एप्रिल 2024. प्ले-इनमध्ये किंग्जने वॉरियर्सला 118-94 असं धुतलं. वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने 10 शॉट मारले, एकही गेला नाही. शून्य पॉइंट. त्या दिवशी कियॉन एलिस हा फारसा प्रसिद्ध नसलेला गार्ड करीच्या सावलीसारखा मागे होता, आणि किंग्जच्या कीगन मरीने आठ थ्री पॉइंटर घातले.

बरोबर एका वर्षाने, 16 एप्रिल 2025. पुन्हा प्ले-इन, पुन्हा समोर क्ले थॉम्पसन, फक्त या वेळी डॅलस मॅव्हरिक्सच्या जर्सीत. त्याने पाच थ्री पॉइंटरसह 23 पॉइंट केले. डॅलस 120-106 ने जिंकला, किंग्जचा मोसम संपला.

एका वर्षात किंग्जचा डिफेन्स इतका बिघडला होता का? काही प्रमाणात हो. पण थॉम्पसनसारखा शूटर दहापैकी दहा चुकवतो, तेव्हा त्यात डिफेन्ससोबत नशीबही असतं. आकडेवारीचा अभ्यास करणारे हेच सांगतात. समोरच्याचे रेषेबाहेरचे किती टक्के शॉट जातील हे डिफेन्सच्या हातात कमी असतं. तो किती शॉट मारणार आणि त्यातले किती मोकळे असणार, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

म्हणून एका मॅचमध्ये शॉट गेले म्हणून डिफेन्स वाईट आणि चुकले म्हणून चांगला, असा निकाल लावता येत नाही. मोकळे शॉट मोजायचे.

कोच बदलून प्रश्न सुटतो का?

ब्राऊन गेले तेव्हा संघाचा हिशोब 13 विजय, 18 पराभव असा होता. त्यामुळे फक्त आयव्हीच्या शॉटमुळे त्यांना काढलं असं म्हणता येणार नाही. पण हेच ब्राऊन 2023 मध्ये एकमताने लीगचे सर्वोत्तम कोच ठरले होते आणि जून 2024 मध्ये त्यांचा करार वाढवला होता. मोसम संपला तो 40 विजय आणि 42 पराभवांवर, नवे कोच डग क्रिस्टी यांच्या हाताखाली.

रणदिवेंच्या काळात ही पहिली वेळ नव्हती. डिसेंबर 2014 मध्ये मायकल मलोन यांना असंच मोसमाच्या मध्यात काढलं गेलं. मालकांना आणखी वेगवान, आक्रमक खेळ हवाय, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. चौघांनीच डिफेन्स करायचा आणि पाचव्याला समोरच्या बास्केटजवळ ठेवायचं, ही कल्पना रणदिवेंनी मांडल्याचंही अमेरिकन माध्यमांनी छापलं होतं. मलोन यांनी 2023 मध्ये डेन्व्हर नगेट्सला विजेतेपद मिळवून दिलं. 2013 पासून 2025 पर्यंत, हंगामी कोच धरून, किंग्जच्या बाकावर आठ जण बसले.

हेल्प करायला कधी जायचं आणि कधी जागेवरच थांबायचं, हे पाच जणांच्या अंगवळणी पडायला एकत्र खेळलेला वेळ लागतो. दर दीड-दोन वर्षांनी सांगणारा माणूस बदलला की ही भाषा पुन्हा अ-आ-इ-ईपासून सुरू होते.

आणि आपल्याकडे?

मुंबईच्या उपनगरांत सोसायटीत किंवा कॉलेजात पूर्ण कोर्ट नेहमी मिळत नाही. अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन हाच खेळ जास्त चालतो. ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून आलेल्या 3x3 च्या नियमांत आतली बास्केट एक पॉइंटची आणि रेषेबाहेरची दोनची. म्हणजे बाहेरच्या शॉटला थेट दुप्पट भाव, मोठ्या खेळात तो दीडपट असतो. तिथे आतले निम्मे शॉट घालणाऱ्याची बरोबरी बाहेरून चारातला एक घालणारा करतो. आणि हेल्पला फक्त दोघेच असतात.

रेषा आपल्याकडे 6.75 मीटरवर, म्हणजे एनबीएपेक्षा जवळ. रील बघून करीसारखा शॉट मारायचा सराव सगळे करतात. पण गार्डला आत घुसू न देणं, मदतीला गेल्यावर परत आपल्या माणसाकडे पोचणं आणि पोचताना लहान पावलं टाकून वेग तोडणं, म्हणजे शूटरच्या अंगावर आदळून फाऊल होणार नाही, याचे रील कुणी बनवत नाही.

पुढची मॅच बघताना एक करून पाहा. बॉलकडे बघू नका. बॉलपासून सर्वांत लांब उभ्या असलेल्या डिफेंडरवर नजर ठेवा. तो दोन पावलं आत सरकला, की पुढचा थ्री पॉइंटर कुठल्या कोपऱ्यातून येणार ते बहुतेक वेळा तुम्हाला कॉमेंटेटरच्या आधी कळेल.