आम्ही छापलं, आणि तिचा हक्क गेला

मैत्रिणींनो, या पानावर आपण एकमेकींच्या युक्त्या किती हौसेने छापतो! पत्र आलं, आवडलं, फोटो मागवला, छापून टाकलं. पाठवणारीला आनंद, आम्हालाही आनंद. २०२२ च्या उन्हाळ्यात असंच एक पत्र मी फोटोसकट छापलं. त्यात त्या बाईंचं जे नुकसान झालं, ते मला दीड वर्षाने कळलं. त्यांना विचारूनच आज हे लिहितेय. ‘लिहा ताई, पण माझं नाव नको,’ एवढीच त्यांची अट आहे.

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं होतं. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आल्या आणि दवाखान्यात असते तशी कॉट भाड्याने आणली. ज्यांनी घरात अशी कॉट वापरलीय त्यांना तिचा त्रास ठाऊक असेल. दोन्ही हँडल पायाकडे. पेशंटला बसतं करायचं तर त्याचा खांदा सोडून पायथ्याशी जायचं, वाकायचं आणि हँडल फिरवत राहायचं. तोवर पेशंट घसरत घसरत खाली आलेला. मग काखेत हात घालून त्याला वर ओढायचं. दिवसातून सात-आठ वेळा हे झालं की तुमची कंबर जाते आणि पेशंटची माकडहाडापाशी कातडी सोलते. बेडसोर नुसतं पडून राहून होत नाही, या घसरण्यानेही होतं. म्हणून जाणत्या नर्स सांगतात, आधी गुडघे उचला, मग पाठ. पण घरी एकट्या बाईला दोन हँडलचं हे गणित रोज कुठे जमतंय?

या बाईंनी ते जमवलं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला समोर बसवून वहीत चित्र काढून दिलं. एकच हँडल, तेही उशाच्या बाजूला, म्हणजे एक हात पेशंटच्या खांद्यावर ठेवता येतो. हँडल फिरवलं की गुडघ्याखालचं चाक एका उतारावर चढतं आणि गुडघे आधी वर येतात. पाठीच्या दांड्याला लांबट खाच ठेवलीय, त्यामुळे पाठ थोडी उशिरा उचलायला लागते. आणि पाठीची चौकट उचलताना सरकत्या गेटच्या चॅनेलवर मागेही सरकते, त्यामुळे माणूस जागचा हलत नाही. हे सगळं मी आता पुन्हा बिनधास्त सांगतेय, कारण बिघडायचं ते बिघडून गेलंय.

मी पत्र छापलं, ‘सुनेची माया’ वगैरे मथळाही दिला. (आज त्या मथळ्याचीही लाज वाटते. मायेबरोबर तिथे डोकंही होतं, ते मथळ्यात नव्हतं.) पुढे जवळच्याच शहरातला एक सर्जिकल सामानाचा दुकानदार तसाच पलंग बनवून विकू लागला. बाईंना कुणीतरी म्हणालं, पेटंट घ्या. त्या मला घेऊन एका पेटंट एजंटकडे गेल्या. त्याने सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, ‘हे आधी कुठे छापून आलंय का?’

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

पेटंटची परीक्षा काय असते, हे मी तिथे पहिल्यांदा नीट ऐकलं. अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं, असं नसतं. अर्ज साधारण दीड वर्षाने प्रसिद्ध होतो आणि तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते. २०२४ च्या बदललेल्या नियमांनुसार ती ३१ महिन्यांच्या आत करायची. मग सरकारचा परीक्षक तुमचे ‘दावे’ घेऊन बसतो. दावे म्हणजे अर्जातला तो भाग, जिथे नेमकं काय तुमचं आहे ते एकेका वाक्यात मांडलेलं असतं. जगभरातली जुनी पेटंटं, लेख, पुस्तकं तो धुंडाळतो. रुग्णांच्या पलंगांचा तर त्यात स्वतंत्र कप्पाच आहे, ए६१जी ७ या क्रमांकाचा. पाठ आणि गुडघे वेगळे उचलणारा पलंग अमेरिकेतल्या डॉ. विलिस गॅच यांनी १९०९ सालीच वर्णन करून ठेवलाय. त्यामुळे ‘पाठ उचलणारा पलंग’ असा दावा कुणी केला, तर परीक्षक तिथेच फुली मारणार.

परीक्षक मुख्यतः दोन गोष्टी बघतो. पहिली, हेच सगळं आधी कुठे एका जागी सांगितलेलं आहे का? असेल तर नावीन्य संपलं. दुसरी, एका ठिकाणी नसलं, तरी दोन जुन्या गोष्टी जोडून या धंद्यातल्या कुणाही जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? शिवाय आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) सांगतं, ओळखीच्या वस्तू नुसत्या मांडून किंवा फेरमांडणी करून, त्या आपापलं काम स्वतंत्रपणेच करत असतील, तर तो शोध नव्हे. बाईंचा पलंग इथे कदाचित टिकला असता. चॅनेल, खाच आणि उतार हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून चालतात, त्यातला एक काढला की पेशंट पुन्हा घसरतो.

‘सहज सुचणं’ म्हणजे काय, ते भांड्यांच्या उदाहरणाने चटकन कळेल. मिर्झापूरच्या एका कंपनीने १९५१ साली पितळी भांडी लेथवर फिरवताना पक्की धरून ठेवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. दुसऱ्या कारखान्याशी वाद झाला. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला, की ही कारखान्यातली साधी सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट रद्द. म्हणजे परीक्षकाने पास केलेलंही पुढे नापास होऊ शकतं. त्यामुळे हरकतीचं पत्र आलं की ‘आपल्याला नाकारलं’ म्हणून रडू नये. बहुतेक अर्जांना हरकती येतातच. सहा महिने उत्तराला असतात, दावा जरा आवळून, नेमका करून पुढे जाता येतं.

पण हे पुढचं झालं. आमच्या बाईंची गाडी पहिल्याच फाटकाशी अडली होती. एजंट म्हणाला, परीक्षकाच्या पहिल्या कागदाला ‘डी-१’ म्हणतात. इथे डी-१ म्हणजे तुमची पुरवणी. मी म्हटलं, ‘अहो, मराठी पुरवणी कोण बघतंय?’ तो हसला. म्हणाला, ‘परीक्षक नाही बघणार कदाचित. पण ज्याला तुमची नक्कल करायचीय, तो कात्रण घेऊन येईल. पेटंट मिळण्याआधी कुणीही विरोध नोंदवू शकतो.’ अमेरिकेत स्वतःच छापलेल्या गोष्टीला वर्षभराची सवड मिळते. आपल्याकडे तशी सरसकट सवड नाही. केंद्र सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलं, तर १२ महिन्यांची मुभा आहे. तालुक्याचा महिला मेळावा, बचत गटाचा स्टॉल, गणपतीतलं प्रदर्शन, यांतलं काही त्यात बसत नाही.

बाई शांत होत्या. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘मला मिळालंच असतं असं नाही हो, ताई. पण विचारायचीसुद्धा सोय नाही राहिली.’

मला तेच खुपतंय. कुणी म्हणेल, एका पलंगासाठी एवढं काय? ज्ञान वाटावं. वाटावंच. स्कॉटिश डॉक्टर नील आर्नॉट यांनी १८३० च्या दशकात बेडसोर टाळायला पाण्याची गादी तयार केली आणि जाणूनबुजून पेटंट घेतलं नाही, म्हणजे कुणालाही ती करता यावी. पण ते त्यांनी ठरवलं होतं. बायकांच्या बाबतीत हे ‘वाटून टाकणं’ आपणच त्यांच्या वतीने ठरवून टाकतो, वर शाल-नारळ देतो. उलट सारा गुड या शिकागोतल्या फर्निचर दुकानदार बाईंचं बघा. या बाईंनी मिटला की लिहायचं टेबल होईल असा पलंग केला आणि १८८५ साली स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं.

नावाचंही सांगायला हवं. अर्जात ज्याला सुचलं त्याचंच नाव संशोधक म्हणून जायला हवं. सवयीने घरातल्या कर्त्या पुरुषाचं घालू नका. पण सांगितल्याप्रमाणे नुसतं वेल्डिंग करणारा आणि ‘इथे खाच ठेवा’ असं स्वतः सुचवणारा, यांत फरक आहे. खाच फॅब्रिकेशनवाल्या दादांची असेल, तर त्यांचंही नाव हवं.

आणि खर्च? लोक समजतात तेवढा सुरुवातीला नाही. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. गोष्ट अजून पूर्ण झाली नसेल तर तात्पुरता, म्हणजे ‘प्रोव्हिजनल’ तपशील देऊन तारीख पक्की करता येते, पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात. फक्त त्यात महत्त्वाचं काही वगळू नका. तपासणीची फी ४००० रुपये. सप्टेंबर २०१९ पासून अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर जलद तपासणी मागता येते, तिची फी ८००० रुपये. एजंट नेमला तर त्याचे पैसे वेगळे आणि ते बरेच असू शकतात. पेटंट मिळालं तर २० वर्षं, अर्जाच्या तारखेपासून, आणि तेही फक्त भारतात. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरायची. महाराष्ट्राचं काम मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयात चालतं. गावाकडच्या कल्पक माणसांसाठी गुजरातमध्ये २००० साली स्थापन झालेलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनही आहे. ते पेटंटच्या अर्जालाही मदत करतं.

प्रत्येक युक्तीला पेटंट लागत नाही, हेही खरं. मिसळणाच्या डब्याला चुंबक चिकटवला तर परीक्षक तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल, असं मी गमतीने म्हणते. पण एखाद्या गोष्टीत काही हलतं, उचललं जातं, एकाने दुसरं चालतं, आणि बाजारात तसं मिळत नाही, तर थोडं थांबा.

आमच्या पानापुरतं मी बदललंय. अशी वस्तू सांगणारं पत्र आलं की आता आधी आमचा फोन जाईल. फोटो काढलाय का, मेळाव्यात दाखवलंय का, कुणाला विकलंय का, अर्ज करायचाय का, हे विचारू. ‘नाही, सगळ्यांना सांगून टाका’ म्हणालात तर पुढच्याच आठवड्यात छापू. ‘विचार करून सांगते’ म्हणालात तर पत्र माझ्या टेबलाच्या कुलपातल्या खणात राहील. सध्या तिथे तीन पत्रं आहेत.