अंगणात गेलेली शाळा

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला नामांकित शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सुशिक्षित आई-वडील शाळांचे उंबरठे झिजवतात. हे चित्र आता कुणालाही खटकत नाही. मूल शाळेला योग्य आहे का, असा प्रश्न आपण विचारतो. शाळा मुलाला योग्य आहे का, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला, त्या अनुताई वाघ यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे आहे.

१९१० साली मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंना बालविवाहानंतर अल्पावधीतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघरातच संपायचे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासमवेत कार्य करण्यासाठी डहाणू तालुक्यातील बोर्डीस गेल्या. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी असलेल्या ताराबाईंना बालशिक्षण शहराबाहेर न्यायचे होते. पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये रुजले.

वनवासी मुले शाळेत येत नसत. घरी धाकटी भावंडे सांभाळायची असत, रानात गुरे राखायची असत. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी झाली. गुरांमागे रानात गेली, ती कुरणशाळा झाली. महागड्या साधनांची जागा बिया, पाने, खडे आणि शंखशिंपल्यांनी घेतली. शासनाने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया मानले, खेळातून शिकण्यावर आणि मातृभाषेवर भर दिला. हा विचार कोसबादने कितीतरी आधी आचरणात आणला होता. मात्र धोरण कागदावर बदलले, तरी घरातील मन बदलत नाही. व्यासपीठावरून मातृभाषेचा गौरव करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांची मुले मराठी बालवाडीत जातात? आपल्या वस्तीतील अंगणवाडीच्या उंबरठ्याच्या आत आपण कधी डोकावलो आहोत का? तिथल्या सेविकेचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का?

राष्ट्रनिर्माणाची भाषा बोलणाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे प्रथम स्वतःच्या घरात शोधावीत. अनुताई टेकडी चढून पाड्यावर गेल्या. आपल्याला केवळ शेजारच्या गल्लीत जायचे आहे.