पोस्टर बदललं, पण कुणासाठी?

आपल्या मंडळाचं काव्यवाचन शनिवारऐवजी शुक्रवारी घ्यायचं ठरलं. मी वेबसाइटवरचं पोस्टर लगेच बदललं, फाइलचं नाव मात्र तेच ठेवलं. माझ्या लॅपटॉपवर नवं दिसलं, मी निर्धास्त. शनिवारी एफ.वाय.ची एक मुलगी पेडण्याहून बस पकडून कविता घेऊन आली. हॉलला कुलूप! तिच्या मोबाइलवर अजून शनिवारच होता.

"कॅशे क्लिअर करायचा ना!" कुणीतरी तिलाच म्हणालं. मला ते मुळीच पटलं नाही.

ब्राउझर एकदा उतरवलेलं चित्र जपून ठेवतो. पान लवकर उघडतं, डेटाही वाचतो. सर्व्हरने ३१५३६००० सेकंदांची, म्हणजे वर्षाची मुदत दिली असेल, तर त्याच नावाचं चित्र तो सहसा पुन्हा मागतच नाही. कंट्रोल-एफ५ दाबून माझ्यापुरतं काम होतं. वाचकाच्या फोनचं काय?

उपाय सोपा आहे. चित्र बदललं की फाइलचं नावही बदला, 'पोस्टर-२' करा आणि पानावर तेच नाव टाका. ब्राउझरच्या लेखी ते नवं चित्र, तो आणणारच. मध्ये सीडीएन असेल तर पानाची तिथली जुनी प्रत काढा. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा.

छापील अंकात चूक झाली तर शुद्धिपत्र आपण देतो. वाचकाला शोधायला लावत नाही. इथेही तसंच हवं. तारीख सुधारली, पण तिची कविता ऐकायची राहिलीच.