मालिश कुणाच्या अंगाला आणि हात कुणाचे?

'वेलनेस' हा शब्द पूर्वी मोठ्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसायचा. आता तो उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन पोहोचला आहे. स्पा, पंचकर्म, डिटॉक्स, समग्र आरोग्य शिबिर. रोज कुठले ना कुठले पत्रक हातात पडते. त्यावरचा माणूस गोरा, निवांत, डोळे मिटलेला असतो आणि त्याच्या पाठीवर कुणाचे तरी दोन हात असतात. त्या हातांना चेहरा नसतो. आम्हाला प्रश्न पडतो तो इथेच. हे हात कुणाचे? आणि या हातांच्या अंगाला तेल कोण लावतो?

आमच्या वस्तीतील एक मावशी पंचवीस वर्षांपासून बाळ-बाळंतिणींची मालिश करतात. सकाळी सहाला घरून निघतात आणि चार-पाच घरे करून दुपारी परततात. पाय पसरून पाटावर बसायचे, बाळाला पायांवर पालथे घ्यायचे, कोमट जवसाचे तेल चोळायचे, शेक द्यायचा, मग बाळंतिणीची पाठ, कंबर, पोटऱ्या. घरची मंडळी म्हणतात, "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे." चहा मात्र खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपात मिळतो. आज त्यांच्या अंगठ्यांचे सांधे सुजले आहेत, गुडघे धरले आहेत. आम्ही विचारले तेव्हा हसून म्हणाल्या, "माह्या आंगाले कोन तेल लावते जी?"

हा प्रश्न एका मावशीचा नाही, तो जातिव्यवस्थेचा आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात सुईणीचे काम बहुतेक ठिकाणी महार-मांगांच्या बायकांकडे होते. कळा सुरू झाल्या की मध्यरात्री बोलावणे यायचे. बाळाला पहिला स्पर्श तिचा, नाळ कापणारा हात तिचा, रक्त-मळ साफ करणारी तीच. सुतक फिटले, घर शुद्ध झाले की त्याच घराचा उंबरठा तिला बंद. म्हणजे अस्पृश्यता ही स्पर्शाची भीती कधीच नव्हती. काम असेल तिथे स्पर्श वापरून घ्यायचा आणि काम संपले की माणूस विटाळाचा ठरवायचा, अशी ती व्यवस्था होती. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. खिडकीतला कप अजून कपाटात गेलेला नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. या बायकांकडचे ज्ञान कुणी ज्ञान मानले नाही. तेच तेल, तोच शेक सुगंधी खोलीत गेला आणि त्याला संस्कृत नाव मिळाले की ती प्राचीन विद्या होते, त्याचे तासाला हजारो रुपये होतात. आमच्या मावशीने केले की ती 'मालिशवाली बाई'. या हातांना योग्य प्रशिक्षण दिले तर काय होते, हे गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांतील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो अभ्यास छापला. पुढे हीच पद्धत देशभरातील आशाताईंच्या कामाचा भाग झाली. हात तेच होते. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला आणि त्यांना विज्ञान दिले गेले, एवढाच फरक.

आता आम्ही आमच्याच चुकीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विहारात एक 'समग्र आरोग्य शिबिर' झाले. मुठीत एक धातूची दांडी धरायला द्यायची, ती संगणकाला जोडलेली, आणि पाच मिनिटांत पडद्यावर चाळीस रोगांची यादी. मग त्यावर उपाय म्हणून पावडरीचे डबे आणि मालिशचे तेल. विकणारा कुणी बाहेरचा नव्हता. तो आमचाच कार्यकर्ता होता, शिकलेला, मोर्चात पुढे असणारा, नोकरी न मिळाल्याने साखळी विक्रीच्या धंद्यात ओढला गेलेला. आम्हाला शंका आली होती. पण आपला पोरगा आहे, त्याचे घर चालते आहे, असे म्हणून आम्ही गप्प राहिलो. माईक आम्हीच दिला.

त्या शिबिरात एका सोळा वर्षांच्या मुलाचे वडील आले होते. मुलगा सिकलसेलग्रस्त. त्यांना सांगण्यात आले की पावडर घ्या, रोज या तेलाने मालिश करा, इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद करा. त्यांनी हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद केली. डिसेंबरच्या थंडीत मुलाला वेदनेचा झटका आला. घरच्यांनी दोन रात्री तेल चोळले. तिसऱ्या दिवशी श्वास लागला तेव्हा सरकारी रुग्णालयात नेले. रक्त चढवावे लागले, अकरा दिवस खाटेवर. पोरगा वाचला. पण त्या अकरा दिवसांत त्याच्या आईच्या नजरेला नजर देणे आम्हाला जमले नाही.

नंतर आम्ही वडिलांना विचारले, तुम्ही विश्वास का ठेवला? ते म्हणाले, "सरकारी दवाखान्यात दोन मिनिटे मिळतात. डॉक्टर वरही पाहत नाही. यानं अर्धा तास ऐकून घेतलं, पोराच्या पाठीवर हात ठेवला." या उत्तरावर आम्ही फार विचार केला. लोक अडाणी आहेत म्हणून फसतात, असे म्हणणे सोपे आहे. खरे कारण असे की लोकांना वेळ हवा असतो, आपुलकीचा स्पर्श हवा असतो. सरकारी व्यवस्था तो देत नाही आणि बाजार तो विकतो.

सिकलसेलबद्दल प्रत्येक तरुणाला माहिती हवीच. विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. तो संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो. त्यात लाज कसली? जिथे मलेरिया होता तिथे या जनुकाने वाहकांना मलेरियापासून संरक्षण दिले, म्हणून ते टिकले. वेदनेच्या वेळी भरपूर पाणी, ऊब आणि हलक्या हाताने केलेली मालिश यांनी आराम वाटू शकतो; बर्फ मात्र लावायचा नाही. पण ताप, छातीत दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसली की तेलाची वाटी बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचे. तेल आराम देते, रोग बरा करत नाही.

आणि इथे बाबासाहेब आठवतात. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितले की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. त्याच त्या वर्तुळात सोयरीक होत राहिली की दोन वाहक एकमेकांच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढते. जातीच्या भिंतीने अशी आपल्या रक्तातही वस्ती केली आहे. आपण पत्रिका जुळवणे सोडले, चांगले केले. आता वधू-वर परिचय मेळाव्यात सिकलसेल तपासणीचे कार्ड मागायला सुरुवात करू या. आणि जातीबाहेरच्या लग्नाला फक्त भाषणात नव्हे, आपल्या घरातही पाठिंबा देऊ या.

काही मित्र म्हणतील, आधी सत्ता, आधी आरक्षण, आधी अत्याचाराचे प्रश्न. हे तेल-मालिशचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही एक आकडा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतात दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे, तर उच्चवर्णीय स्त्रियांचे ५४.१ वर्षे होते. हा आकडा म्हणजे आयुर्मान नव्हे, ती गल्लत करू नका. तरीही सुमारे साडेचौदा वर्षांचे हे अंतर कुठल्या नशिबाने आलेले नाही. ते पाण्याच्या नळावरून, ताटातल्या अन्नावरून, कामाच्या तासांवरून, दवाखान्यातल्या वागणुकीवरून आले आहे. एवढ्या लवकर आपल्या बायका जात असतील, तर याहून राजकीय प्रश्न दुसरा कोणता?

बाबासाहेबांनी हा प्रश्न कधीच खासगी मानला नाही. १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह पाण्याच्या हक्काचा होता. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाचे समर्थन केले. मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्यासाठी ते झटले आणि १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील आठवडा ४८ तासांवर आला. संविधानाच्या कलम ४७ मध्ये लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. शरीराला विश्रांती मिळणे हा हक्क आहे, हे आपल्याला कुठल्या स्पावाल्याने शिकवलेले नाही.

त्यांच्या स्वतःच्या देहाचे काय झाले, तेही पाहा. मधुमेह, पायांच्या असह्य वेदना, रात्र-रात्र झोप नाही. चार लेकरे गेली, रमाई १९३५ मध्ये गेल्या. अखेरच्या रात्री, ५ डिसेंबर १९५६ ला, नानकचंद रत्तू त्यांचे पाय दाबत होते. त्यानंतरही बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाचे कागद मागवले. वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. हा त्याग आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो आणि मग त्यातून उलटाच धडा घेतो. जागरण, उपाशी पोट, चहावर चहा आणि तोंडात खर्रा म्हणजे चळवळ, असे आमच्या पिढीला वाटू लागले आहे. बाबासाहेबांना दुसरा पर्याय नव्हता. आपल्याला आहे.

होय, खऱ्याचे स्पष्टच बोलू. दीक्षाभूमीवर घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती अनेकांनी पाळली, कुटुंबे सावरली. पण सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा पंचशीलात बसतो, असे कुणी सांगितले? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा फेटा आणि गालात खर्रा. पुढे तोंड उघडेनासे होते, काहींना कर्करोग होतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानठेल्यावर खर्रा घोटणे थांबलेले नाही. मनुवादाला शिव्या देताना हा आपल्या खिशातला शत्रू दिसत नसेल, तर आपली लढाई अर्धीच आहे.

मनाच्या आरोग्याचेही तसेच. वेलनेसवाले सांगतात, श्वासावर लक्ष द्या, सकारात्मक विचार करा. ध्यानाला आमचा विरोध नाही, ती बुद्धांचीच देणगी आहे. पण रोहित वेमुला किंवा डॉ. पायल तडवी यांना श्वास घेता येत नव्हता म्हणून ते गेले नाहीत. अपमान करणारी व्यवस्था तशीच ठेवून अपमानिताला शांत बसायला शिकवणे म्हणजे आरोग्य नव्हे.

बुद्धांचा मार्ग मध्यम आहे. सहा वर्षे देह सुकवूनही बोधी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी सुजाताची खीर घेतली. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता, सोबतचे कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदासोबत त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि संघाला रुग्णसेवेचा धडा दिला. सेवेचा स्पर्श हलका मानणारी संस्कृती आणि शास्त्याने स्वतः केलेली ही सेवा, या दोन परंपरा समोरासमोर ठेवून बघा. आपली कोणती?

मग आता करायचे काय? त्या घटनेनंतर आम्ही ठरवले आणि सुरू केले, ते एवढेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर विहारात रक्तदाब आणि साखर तपासायची. वस्तीतील परिचारिका आणि आशाताई येतात. सिकलसेलची तपासणी न झालेल्या तरुणांची यादी करून त्यांना आरोग्य केंद्रात न्यायचे. मालिश करणाऱ्या मावश्यांना बोलावून त्यांचे कसब तरुण आयांना दाखवायचे आणि बाळाच्या नाका-कानात तेल ओतणे, काजळ भरणे या गोष्टी चर्चा करून सोडून द्यायच्या. या मावश्यांनी घरेलू कामगार म्हणून नोंदणी मागावी, यासाठी अर्ज भरून द्यायचे. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ पासून आहे. विहाराचा माईक कुठल्याही चमत्कारी औषधाला द्यायचा नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधी व जादूटोणाविषयक कायद्याने गुन्हा आहे, हेही भिंतीवर लिहून ठेवले आहे. तो कार्यकर्ता मित्र आज आमच्यासोबत रुग्णालयात रांग लावतो, रुग्णांचे कागद भरतो. त्याला हाकलले असते तर तो दुसऱ्या वस्तीत डबे विकत बसला असता.

आणि एक शेवटचे काम, पैसे न लागणारे. मागच्या महिन्यात त्या मावशींच्या सुनेने त्यांना पाटावर बसवले आणि कोमट तेलाने त्यांचे गुडघे, मनगटे, अंगठे चोळून दिले. मावशी आधी संकोचल्या, मग डोळे मिटून बसल्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाल्या, "पंचवीस वर्सांत पयल्यांदा."

मित्रांनो, आज रात्री घरी गेल्यावर आपल्या आईचे हात एकदा हातात घेऊन बघा. चळवळ तिथूनही सुरू होते.

जय भीम! नमो बुद्धाय!