वारसा आणि वळण

गतवर्षीं आरोग्य-तपासणीच्या दिवशीं आमच्या वर्गांतील एक स्थूल मुलगा वजनकांट्यावर उभा राहिला, तोंच मागील बांकांवरून हंशा पिकला. तो हंशा आम्हीं थांबविला. परंतु त्या मुलास बाजूस घेऊन आम्हीं सांगितलें काय, तर "बाळ, जिभेला जरा आवर घाल," एवढेंच! मुलगा खालीं मान घालून निघून गेला. चार दिवसांनीं त्याची आई भेटावयास आली. ती म्हणाली, "सर, दोघे भाऊ एकाच घरांत एकच अन्न खातात, धाकटा काडीसारखा नि हा असा. माझ्या माहेरची ठेवणच तशी. त्याला आपण काय करणार?"

आमचें बोलणें अन्यायाचें होतें आणि त्या माउलीचें म्हणणें अर्धेंच खरें होतें. तें कसें, हें पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम त्यांतील खरा भाग पाहूं. डेन्मार्क देशांत दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींची पाहणी १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. मोठेपणीं त्यांची अंगलट जन्मदात्या आईबापांशीं जुळणारी आढळली. ज्यांच्या घरीं त्या वाढल्या, त्यांच्याशीं तिचा मेळ दिसला नाहीं. पुढें १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनें लेप्टिन या द्रव्याचें जनुक शोधून काढलें. शरीरांतील मेद हें द्रव्य रक्तांत सोडतो, आणि सांठा पुरेसा आहे असा निरोप त्याच्या द्वारें मेंदूस पोंचतो. १९९७ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं एकाच कुटुंबांतील दोन मुलांचें वर्णन केलें. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो होतें. तिच्या लेप्टिनच्या जनुकांतच दोष होता. निरोप मेंदूस पोंचत नव्हता, म्हणून भूक शमत नव्हती. पुढें लेप्टिन टोंचून देण्यास आरंभ होतांच तिची भूक आटोक्यांत आली व वजन उतरूं लागलें. अशा मुलीस कोणी हावरट म्हटलें असेल, तर तो केवढा अन्याय! असे दोष अत्यंत विरळा असतात हें खरें. परंतु एफ्‌टीओ नांवाच्या जनुकाचा २००७ सालीं ध्यानांत आलेला एक प्रकार पुष्कळ लोकांत असतो. युरोपांतील पाहणींत तो आई व बाप या दोघांकडूनही आलेल्या प्रौढांचें वजन, तो मुळींच नसलेल्यांपेक्षां सरासरीनें तीन किलो अधिक भरलें.

आतां दुसरी बाजू. जनुकें एका पिढींत पालटत नाहींत. मग आजोबांच्या काळीं क्वचित् दिसणारी मुलांची स्थूलता आज वर्गावर्गांत कां दिसते? पालटलें तें ताट आणि पालटलें तें अंगण. वारसा हें बीं आहे. तें किती फोफावेल हें जमिनीवर नि पाण्यावर ठरतें.

शिवाय काडीसारखा धाकटा सुरक्षितच, असेंही समजूं नये. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास चालविला. तेथील बालकांचें जन्मवजन सरासरीनें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो भरलें. परंतु उणे होते ते मुख्यतः स्नायू. मेद त्या मानानें फारसा उणा नव्हता. म्हणजे वरून कृश दिसणाऱ्या देहांतही मेदाचें प्रमाण अधिक असूं शकतें, आणि मधुमेहाची वाट तेथूनही निघूं शकते. यांत केवळ जनुकांचा नव्हे, तर गर्भारपणीं आईस मिळालेल्या अन्नाचाही वांटा आहे.

म्हणून पालकहो, स्थूल मुलास टोमणे आणि कृश मुलास लाडू, असा भेद घरांत नसावा. वाढत्या मुलास उपाशी ठेवूं नये. सर्वांनींच भाकरी, डाळ, भाजी व फळें खावीं. गोड पेयें व तळलेले पदार्थ क्वचित् असावेत. दोन्ही भावांनीं रोज मैदानावर घाम गाळावा. आणि घराण्यांत मधुमेह असेल, तर मुलास वेळींच डॉक्टरांस दाखवावें. विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याच्या देहाला हंसणें म्हणजे त्यानें न निवडलेल्या वारशाला हंसणें होय.

आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. आतां दोघे भाऊ सायंकाळीं बरोबरच खेळावयास येतात. वजन किती उतरलें, हें आम्हीं त्यास विचारीत नाहीं. वारसा कोणासही निवडतां येत नाहीं. वळण मात्र घर आणि शाळा मिळून लावूं शकतात.