तपासणीला या, पण आधी गोलात बसा

खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांनी शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करावी, अशी सूचना एप्रिल २०२५मध्ये निघाली. केंद्राची माहिती, व्यवस्थापन, पटसंख्या, भौतिक सुविधा आणि कर्मचारी यांचा तपशील त्यात मागितला होता. तीन ते सहा वयाच्या मुलांना कोण, कुठे, कसल्या जागेत दिवसाचे तीन-चार तास सांभाळते याची सरकारदरबारी धड नोंदच नव्हती, म्हणून आम्हाला ही सूचना योग्य वाटली. आजही वाटते. नोंदणी हवी आणि तपासणीही हवी. पण वसई, नायगाव, नालासोपारा, विरार या पट्ट्यातल्या मराठी बालवाड्यांच्या संचालिका आणि अंगणवाडी सेविका यांची जी पत्रे आमच्या टेबलावर साचली आहेत, ती वाचल्यावर गप्प राहणे शक्य नाही. पत्रे वेगवेगळ्या हातांची आहेत आणि तक्रार एकच आहे. येणारा माणूस खोली पाहतो, रजिस्टर पाहतो, फोटो काढतो. मुले काय बोलतात आणि ताई त्यांच्याशी काय बोलते, हे ऐकायला कोणी थांबत नाही.

अर्नाळ्याच्या बाजूच्या एका बालवाडीतला प्रसंग एका वाचक ताईंनी सविस्तर कळवला आहे. सकाळच्या गप्पा चालू होत्या. कोळीवाड्यातला चार वर्षांचा एक मुलगा, जो पावसाळाभर जवळपास मुका बसलेला, त्या दिवशी पहिल्यांदाच आपणहून उभा राहिला होता. होडी किनाऱ्याला लागल्यावर काय होते, टोपल्या कोण उचलते, बांबूंवर बोंबील कसे वाळत घालतात, हे तो हात पसरून सांगत होता. शब्द घरचे, मधूनच एखादा बालवाडीत ऐकलेला. बाकीची मुले सरकत सरकत त्याच्याजवळ आली होती. तेवढ्यात तपासणीला साहेब आले. मुलांना ओळीत बसवा, फोटो घ्यायचा आहे, असे म्हणाले. ओळ झाली, फोटो झाला, आणि मुलगा पुन्हा खाली बसला तो बसलाच. मग लेखनाच्या वह्या मागितल्या. वह्या ठेवत नाही, या वयाला ठेवायच्या नसतात, असे ताईंनी सांगितले. शेरा पडला: "लेखनाचा सराव आढळला नाही. सुधारणा करावी."

हा शेरा कोणत्या आधारावर मारला, हे आम्हाला विचारायचे आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा स्पष्ट सांगतो की तीन ते सहा वयाच्या मुलांना ठरवून दिलेले पाठ्यपुस्तक नसावे. शिकण्याची भाषा शक्यतो मुलाच्या घरची असावी, हेही तोच आराखडा सांगतो. राज्याचा आराखडा त्यावरच बेतलेला आहे. म्हणजे सरकारचा एक कागद पाठ्यपुस्तकही नको म्हणतो आणि सरकारचाच माणूस वही नाही म्हणून शेरा मारतो. त्या ताईंनी आता काय करायचे? आराखडा पाळला तर शेरा, शेरा टाळायचा तर आराखडा मोडायचा. कित्येक केंद्रांनी दुसरा मार्ग धरला आहे आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबली आहे, ते या भीतीपोटी. पालकांचा धोशा वेगळाच.

भाषेच्या बाबतीत तर तपासणीच्या नमुन्यात एक रकाना असतो: माध्यम. तिथे "मराठी" असे लिहिले की विषय संपला. वसई-विरारमध्ये बालवाडी चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की विषय तिथे सुरू होतो. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल भागातले मूल घरी सामवेदी म्हणजे कादोडी ऐकत येते. वाडवळांच्या घरात वाडवळी, पाचूबंदर-नायगावच्या कोळीवाड्यांत कोळी, महामार्गाच्या पूर्वेला पारोळ, भाताणे, कामणच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत मराठी बालवाडीच्या पटावर भोजपुरी, हिंदी, उर्दू, गुजराती घरांतली मुले असतात, कारण ती बालवाडी घराजवळ आहे, फी परवडते आणि ताई मायेने वागते. पंचवीस मुलांच्या एका खोलीत पाच-सहा बोली, आणि त्यांना जोडणारी एक मराठी. या कामाइतके अवघड आणि मोलाचे काम प्राथमिक शाळेतही क्वचित होत असेल. ते एका शब्दाच्या रकान्यात कसे मावावे?

असे मूल मराठीत कसे येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तपासणीत काय पाहायचे ते सांगावे लागणार नाही. जूनमध्ये ते गप्प असते. काही आठवडे, कधी काही महिने. पण कान उघडे असतात. हात धुताना, खिचडी वाढताना, चप्पल घालताना ताई तीच वाक्ये त्याच कृतीबरोबर रोज बोलते, आणि एक दिवस मूल ती कृती सांगितल्याबरोबर करते. मग एखादा शब्द येतो, मग घरच्या क्रियापदाला मराठी नाम जोडलेले मिश्र वाक्य येते. ताईने त्या वाक्याला "असं नाही बोलायचं" म्हटले, तर मूल पुन्हा गप्प होते. तिने तेच वाक्य मराठीत पुढे नेले आणि उत्तराची वाट पाहिली, तर मूल आणखी एक वाक्य देते. हा सगळा फरक पाच मिनिटांच्या संभाषणात दिसतो. मूल आपणहून किती वेळा बोलते? ताई प्रश्न विचारून थांबते की उत्तरही स्वतःच देते? गोष्टीची पुस्तके मुलाच्या हाताला लागतील अशा उंचीवर आहेत की कुलपात? गोष्ट सांगताना ताईने मुलाच्या बोलीतला शब्द आनंदाने घेतला का? वर्गात सगळ्यात कमी बोलणारे मूल कोणते, हे ताईला ठाऊक आहे का? एवढे पाहिले तरी बालवाडी कळते. यासाठी पदवी लागत नाही, अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास सतरंजीवर बसून द्यावा लागतो.

अंगणवाड्यांची स्थिती वेगळी आणि जास्त वाईट. तिथे मोजमाप पोषणाचे, आणि ते हवेच. कुपोषणाचे दुःख पालघर जिल्ह्याइतके कोणी सोसले असेल? पण सेविकेचा दिवस कुठे जातो ते पाहा. जुलै २०२५पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. बाळ घेऊन आई दारात उभी आहे. तिचा आधार क्रमांक नवऱ्याच्या मोबाइलला जोडलेला, नवरा वालीवच्या कंपनीत मशीनवर. सेविका ओटीपीसाठी त्याला फोन लावते, तो उचलत नाही. उचलतो तेव्हा ओटीपीची वेळ उलटलेली असते. पुन्हा पाठवा, पुन्हा थांबा, मग नेटवर्क जाते. या वेळात आतल्या खोलीत पंधरा-वीस मुले मदतनीस ताईंच्या भरवशावर असतात आणि त्या खिचडीकडे पाहत असतात. पूर्वशालेय शिक्षणाचे तास वेळापत्रकात आहेत, मोबाइलने ते खाल्ले आहेत. ही पडताळणी ज्या ॲपवर होते ते पोषण ट्रॅकर मराठीत हवे म्हणून सेविकांना आपले मोबाइल परत करावे लागले होते, न्यायालयापर्यंत जावे लागले होते. मुलांना मराठीत शिकवा असे सांगणाऱ्या सरकारने सेविकेच्या हातात मात्र इंग्रजी पडदा दिला होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

बालवाडी शालेय शिक्षण विभागाची, अंगणवाडी महिला व बालविकासची. एकाच गल्लीत समोरासमोर दोन्ही असल्या तरी एका विभागाचा माणूस दुसऱ्याच्या दारात पाऊल ठेवत नाही. तीच मुले, तेच वय, तीच भाषा. जूनमध्ये दोन्हींकडची मुले जिल्हा परिषदेच्या एकाच पहिलीत जाऊन बसतात. तिथल्या गुरुजींना यातले कोणते मूल किती मराठी घेऊन आले आहे, हे सांगणारा एकही कागद मिळत नाही.

कायद्याकडे पाहावे तर तो आपल्या दाराशी येऊन थांबतो. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. त्याच्या ११व्या कलमात पूर्वप्राथमिकची व्यवस्था सरकार करू शकेल, इतकेच म्हटले आहे. शाळांमध्ये मराठी सक्तीचा २०२०चा कायदा पहिलीपासून लागू आहे. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याच्या दोन शासन निर्णयांवर महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला सरकारला ते मागे घ्यावे लागले. त्या आंदोलनाचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या साऱ्या भाषणांत पहिलीच्या आधीची तीन वर्षे कोणाच्या तोंडी आली नाहीत. मूल घरच्या भाषेला धरून राहील की तिची लाज बाळगायला शिकेल, हे पहिलीत यायच्या आत बरेचसे ठरलेले असते. भाषेसाठी लढणाऱ्यांनी नालासोपाऱ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीतली मराठी बालवाडी पाहिली पाहिजे.

हे सगळे आपल्याच जिल्ह्यात घडावे याचे अधिक वाईट वाटते. ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, हजेरीचे रजिस्टर दाखवून हातही झटकले नाहीत. बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घातली, नखे कापली. पाने, बिया, शंख-शिंपले यांची साधने केली आणि मुले जे बोलतात ते आधी ऐकले. अंगणातली ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी, आणि १९७५च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ती देशभर नेली. आजही याच जिल्ह्यात ऐन्याला ग्राममंगल आणि सोनाळ्याला क्वेस्ट या संस्था हे काम नेटाने करत आहेत, क्वेस्टचा 'पालवी' कार्यक्रम तर थेट अंगणवाड्यांतच चालतो. म्हणजे चांगली बालवाडी कशी असते हे पाहायला अधिकाऱ्यांना पुण्या-दिल्लीच्या कार्यशाळेला जायची गरज नाही. एक दिवस जीप डहाणूकडे किंवा वाड्याकडे वळवावी.

बाहेरचेच उदाहरण हवे असेल तर वेल्सचे घ्या. तिथे १९७१पासून वेल्श भाषेतल्या बालवाड्यांची स्वयंसेवी चळवळ आहे, तिचे आजचे नाव मिदियाद मेइथ्रिन. येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी फक्त इंग्रजी असते, तरी बालवाडी वेल्शमध्ये चालते. तिथेही शिक्षण तपासणारी यंत्रणा वेगळी आणि संगोपन तपासणारी वेगळी. पण सरकारी निधीतून शिक्षण देणाऱ्या केंद्रांत २०१९पासून दोघी एकत्र येतात, एकच अहवाल लिहितात आणि तो कोणालाही वाचायला खुला असतो. मुलांना वेल्श किती समजते, ती आपणहून किती बोलतात, शिक्षिका त्यांना कशी साथ देतात, हे त्या अहवालात वाक्यांनी लिहिलेले असते. त्यांच्याकडे पैसा आहे, मान्य. पण एका दिवशी दोन खात्यांनी मिळून एका दारात जायला पैसा लागत नाही.

आता आपल्यातल्यांसाठी. नोंदणी टाळून बसलेल्या संचालिकांनो, ती लगेच करा. नोंदणी न करता अधिकाऱ्यांशी भांडायचा हक्क आपल्याला राहत नाही. ज्यांनी पट टिकवण्यासाठी मराठी बालवाडीच्या पाटीवर "इंग्लिश मीडियम नर्सरी" रंगवून घेतले आहे, त्यांची अडचण आम्हाला कळते. शेजारी चकचकीत प्ले-स्कूल उघडले की पाच मुले जातात, भाडे मात्र थांबत नाही. तरीही ती पाटी उतरवा. आत मराठी आणि बाहेर इंग्रजी अशी बालवाडी पालकांना फसवते आणि मुलाला सांगते की तुझी भाषा पाटीवर लावण्याच्या लायकीची नाही. आणि तपासणीपुरत्या वह्या ज्यांनी भरून ठेवल्या आहेत, ताईंनीच डाव्या हाताने गिरवलेली अक्षरे मुलांच्या नावावर लावली आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे की त्या वह्या आज रद्दीत टाका. तुमच्या त्या वह्या दाखवूनच शेजारच्या प्रामाणिक ताईला शेरा मिळतो.

अधिकारी आले की त्यांना खुर्ची देऊ नका. सतरंजीवर, मुलांच्या गोलात जागा करून द्या आणि नम्रपणे सांगा, साहेब, मॅडम, पंधरा मिनिटे बसा, मग रजिस्टर दाखवते. बहुतेक जण बसतील. पंचवीसेक अंगणवाड्यांची जबाबदारी अंगावर घेऊन फिरणाऱ्या मुख्यसेविकांचे हाल आम्ही जाणतो. त्यांच्यातल्या कित्येकींना मुलांत बसायला आवडते, त्यांना तशी सवड कोणी देत नाही. जे बसणार नाहीत, त्यांनी नकार दिल्याची नोंद भेटवहीत तारखेनिशी करा.

आणि वरून कोणी चांगला नमुना पाठवेल याची वाट पाहू नका. या अंकाच्या मधल्या पानावर आम्ही एक पानाचा निरीक्षण नमुना छापला आहे. त्यात भिंतीचा रंग नाही, पंख्यांची संख्या नाही, फक्त मुलांचे आणि ताईचे बोलणे आहे. जवळच्या दोन केंद्रांनी जोडी करा, शक्य तिथे एक बालवाडी आणि एक अंगणवाडी. एकमेकींकडे एक सकाळ बसा, नमुना भरा, मुलांची चार वाक्ये जशीच्या तशी लिहा, मग ती कोणत्याही बोलीत असोत. मुलांची नावे लिहू नका. वसईतल्यांनी पूर्वेच्या पाड्यांकडे जावे, विरारच्यांनी अर्नाळा-आगाशीकडे. भरलेले नमुने या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मासिकाच्या पत्त्यावर पोहोचू द्या. ते सगळे एकत्र बांधून आम्ही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी आणि महिला व बालविकास विभाग या दोघांकडे एकाच दिवशी देणार आहोत आणि दोघांनी मिळून एकच तपासणी करावी, अशी लेखी मागणी करणार आहोत. नमुना कापू नका, झेरॉक्स काढा. जोडीतल्या दुसऱ्या ताईला मूळ प्रत लागेल.